टोर्किल मास्तरचं बोट

टोर्किल ब्रास्क जुटलँडातल्या आमच्या त्यू भागातला. पश्चिमेच्या समुद्राचा खारा वारा आणि डुकरांच्या गोठ्याचा वास एकाच नाकानं ओढत वाढलेला. आमच्याकडची माणसं बोलायला भारी चिकट. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी 'आज जरा ऊब हाय' एवढंच म्हणतील. कोपनहेगनवाले आमच्या बोलीला हसतात. हसू देत. त्यांची बोली म्हणजे घशात गरम बटाटा अडकल्यागत.

टोर्किलचा बाप अकॉर्डियन वाजवायचा. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली की भल्या सकाळी त्या जोडप्याच्या दारात जाऊन बाजा वाजवायचा आमच्यात रिवाज. बापाच्या शेजारी गिटार घेऊन हा पोरगा उभा. थंडीनं बोटं काकडायची, पण सूर ढळायचा नाही. त्याच बोटांनी त्याला कोपनहेगनला नेलं. तिथं तो रेकॉर्डिंगच्या खोल्यांमध्ये रोजावर वाजवणारा गडी झाला. सकाळी मार्गारिनची जाहिरात, दुपारी बालगीतं, सांजेला जाझ, मध्येच नाताळची रेकॉर्ड. स्पॅनिश ढंग म्हणा, स्पॅनिश. अमेरिकन गुराख्यांचं म्हणा, ते. कितीतरी घरांत त्याची गिटार वाजायची आणि रेकॉर्डच्या पाकिटावर नाव दुसऱ्याचंच असायचं. त्याचं त्याला काही नव्हतं. "नाव काय, थडग्यावर लिवत्यातच की," म्हणायचा.

चाळिशी उलटल्यावर तो परत आमच्या बाजूला आला. लिमफ्योर्डच्या खाडीकाठी दर उन्हाळ्यात तंबू ठोकून रेव्ह्यूचा खेळ होतो. नकला, टोमणे, गाणी, पुढाऱ्यांची टर. लोक बिअर पीत हसतात. त्या खेळाच्या वाद्यवृंदाचा तो मास्तर झाला. चाली बसवायच्या, आम्हाला हाकायचं आणि गिटारही स्वतःच वाजवायची. पियानोवर आस्ता, बासवर मी.

मग त्याच्या डाव्या हाताचं एक बोट बिघडलं. करंगळीशेजारचं. दुखत नव्हतं, सुजलं नव्हतं. राय ब्रेडवर लोणी फासायला, कॉफीचा कप धरायला ठणठणीत. पण तारेवर टेकलं की मेलेल्या कोळीकिड्याच्या पायासारखं आत मुडपायचं.

एकाचा सूर पडला तर शेजारच्यानं तो उचलायचा, ही आमच्या धंद्याची रीत. रस्त्यात कुणाची टोपली सांडली तर आपण बटाटे वेचून देतो, तसंच. आस्तानं त्याचे पडलेले सूर पियानोवर वेचले, काही मी खालून वेचले. विचारलं मात्र कुणीच नाही. माणसानं आपणहून सांगितल्याबिगर त्याच्या दुखण्यात नाक खुपसायचं नाही, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालेले. आणि वेचणं इतकं सफाईदार झालं की मास्तरला वाटलं, बोट सुधारलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो तालमीला शीळ घालत आला. म्हणाला, "विबेकेबाईचं होडीतलं गाणं मी एकटा वाजीवणार. तुमी समदे गप बसायचं."

विबेके स्टाम्पे कोपनहेगनची जुनी नटी. गळा झिजून कुजबुजीवर आलेला, त्यामुळं तिला पाठीशी फक्त गिटार हवी होती. त्या गाण्यासाठी एक होडी टांगलेली पार प्रेक्षकांच्या डोक्यावर, दोघं तिच्यात, आमच्यापासून लांब. तिथं सूर सांडला तर वेचायला कुणी नाही.

"पियानो हळूच धरते की मी," आस्ता म्हणाली.

"का? म्हातारा झालो व्हय मी?"

"तसं न्हाई, मास्तर."

"मग कसं?"

आस्ता कॉफी आणायला गेली. तिचा कप भरलेलाच होता.

होडीतल्या पहिल्याच तालमीला तिसऱ्या ओळीवर गिटार लंगडली. बाई गाता गाता थांबल्या.

"काय करतोयस, टोर्किल?"

"तार सैल झालीया."

"तार नाही, बोट वाकडं होतंय. आंधळी आहे का मी?" मग वरूनच आमच्याकडं वळल्या. "तुम्हाला ठाऊक होतं ना रे, मेल्यांनो?"

मी बासच्या खुंट्या पिळायला लागलो.

"हे जुटलँडवाले! गाय मेली तरी वैरण घालत बसतील, पण 'मेली' म्हणणार नाहीत!"

टोर्किल शिडीवरून उतरून पियानोपाशी आला. "कवापास्नं, आस्ता?"

"गेल्या उन्हाळ्यापास्नं."

"म्हंजे ते वाजत हुतं ते तुझं?" तो बोटाकडं बघत राहिला. "आरहूसचा डाक्टर म्हनला हुता, तुमचं डोकंच ह्या बोटाला विसरलंय, औषध न्हाई. मागल्या आठवड्यात त्याला फोन करून सांगितलं म्या, चुकलात सायेब, आठवलं बगा डोक्याला बोट."

आम्ही समोरच्या कागदात डोकी घातली.

"आस्ता वाजवेल," बाई म्हणाल्या. "त्यात कमीपणा कसला?"

"न्हाई. हाय त्या बोटांनी मीच वाजीवणार. होडीत वाजलं न्हाई, तर मी गिटारवाला न्हाई. मग नुसता हात हालवणारा बाबा."

पहिल्या खेळाच्या आधी पडद्यामागं 'मोडू दे, तुटू दे' म्हणायची आमच्याकडं चाल, शुभ बोलणं अशुभ म्हणून. आस्ताची जीभ त्या दिवशी वळली नाही. तिनं नुसतं त्याच्या कोटावरचं सूत झटकलं.

तिसऱ्या ओळीला बोट मुडपलं. उरलेल्या बोटांनी तो सूर धुंडाळायला लागला. एक भलताच लागला, मग दुसरा भलता, मग बरोबरचा. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळा तंबू. लोकांना वाटलं, मुद्दाम चाललंय. बाई मुरलेल्या. त्यांनी त्याच्याकडं डोळे वटारले, कानामागं हात धरून सुराची वाट बघितली. बाकं हादरली.

खेळ संपल्यावर तंबूचा मालक फ्रोडे घामाघूम धावत आला. "आरं, काय इनोद काढलास! आधी बोलला न्हाईस ते! आता रोज असंच!"

टोर्किलनं बाईंकडं बघितलं. "सांग त्याला," त्या हळूच म्हणाल्या. तो सांगेना. मग त्यांनीही तोंडावरचा रंग पुसायला घेतला.

"आन एखाद्या दिवशी नीट वाजलं तर?" टोर्किलनं विचारलं.

फ्रोडे पोट धरून हसला. "ह्ये पन घाल की त्यात!"

उन्हाळाभर लोक हसले. ऑलबोरच्या एका पेपरानं लिहिलं की असा पडेल चेहऱ्याचा विनोदी नट फार दिवसांत झाला नाही. खोटं चुकणं टोर्किलला जमत नव्हतं. तो रोज खरोखरच चुकायचा. आम्ही खाली हात मांडीवर ठेवून बसायचो. पहिल्यांदाच वेचायला मनाई होती.

ऑगस्टात एके संध्याकाळी बोट तारेवर टिकलं. कसं, देव जाणे. तिसरी ओळ गेली, चौथी गेली, सगळी चाल धुतल्या काचेसारखी वाजली. बाई डोळे वटारायच्या विसरल्या आणि नुसत्या गायल्या. आस्तानं रुमाल काढला. लोक चुकायची वाट बघत बसले. कुणीतरी खोकलं. मग लोकांनी पाद्रीबुवांच्या भाषणाला वाजवाव्यात तशा टाळ्या वाजवल्या.

फ्रोडे आत आला. "काय झालं आज? गाणं पार आपटलं की!"

टोर्किल गिटार पेटीत ठेवत होता. "चूक झाली," म्हणाला. "उद्या न्हाई हुनार."

आणि नाहीच झाली.