नानांचा किल्ला

नाना गेल्याची तार आली तेव्हा मी जळगावात नुकता जेवायला बसलो होतो. त्याला आता सहा आठवडे झाले, तरी माझा वैताग ओसरलेला नाही... गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण नानांना खोटं चालत नसे.

नाना माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. धुळ्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांनी मुंबईहून ग्रामोफोनच्या पाच तबकड्यांचा एक विलायती संच मागवला होता. त्यात गाणं नव्हतंच. साठ-सत्तर वादक मिळून एक जुनं शहर वाजवून दाखवतात: नदी, पूल, किल्ला, बाजार. दहा बाजू, प्रत्येकी चार मिनिटं. त्यातली तिसरी तबकडी, म्हणजे किल्ला, प्रवासातच फुटली. कोणीही शहाणा माणूस दुसरीवरून चौथीवर गेला असता. नाना जात नसत. ते तेवढा वेळ गप्प बसत, आम्हालाही बसवत, आणि मनातली चढण संपली की बोट वर करत. मग मी चौथी लावायची. घड्याळ ते पाहत नसत, मी पाहत असे. आठ मिनिटांत वीस सेकंदांहून जास्त फरक कधी पडला नाही, आणि त्याचाही मला रागच येई.

“नाना, जे नाही ते नाही. पुढे चला की.”

“बापू, पुलावरून थेट बाजारात कसा उतरशील? मध्ये किल्ला आहे.”

अक्का आतून सुनवायची, “सोनगीरना किल्ला आठेच शे, तो कधी दखाडा नही माले.” धुळ्याजवळचा हा खराखुरा किल्ला नानांनी तिला कधी दाखवला नव्हता.

यंदाच्या थंडीत नाना अंथरुणाला खिळले. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ते शहर त्यांना एकदा तरी पुरं ऐकवायचं, असं मी ठरवलं. जळगावातल्या एका वकिलांकडे तोच संच निघाला. चार खेपा घातल्यावर त्यांनी तिसरी तबकडी दिली. ती उशीत गुंडाळून, चाळीसगावला गाडी बदलून, मांडीवरून खाली न ठेवता मी धुळ्याला नेली.

नानांनी दोन्ही बाजू डोळे मिटून ऐकल्या. कर्णे, नगारे, नुसता दणदणाट.

“छान आहे,” ते म्हणाले. “पण हा तो किल्ला नव्हे. परत देऊन टाक.”

मी इतका चिडलो की तबकडी तिथेच टाकून स्टेशन गाठलं. पुन्हा भेट झाली नाही...

परवा धुळ्याला गेलो तर अक्का म्हणाली, “लाव.” दुसरी तबकडी संपली. वकिलांची तिथेच होती, मी ती उचलली.

“ती नको,” अक्का म्हणाली.

बसलो. आठ मिनिटं झाली. मी अक्काकडे पाहिलं, अक्का नानांच्या रिकाम्या खाटेकडे. नऊ झाली, दहा झाली... चौथी तबकडी हातात धरून मी उभा होतो, आणि आता लाव म्हणून बोट वर करायला कुणी नव्हतं.