रिपोर्टात दोष कुणाचा ते नसतं

डॉक्टर मॅडमनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि बायोप्सीच्या रिपोर्टातली ओळ वाचून दाखवली. ॲडिनोकार्सिनोमा. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार. उजव्या फुफ्फुसात गाठ, फुफ्फुसाभोवती पाणी आणि खांद्याच्या हाडात आणखी एक ठिपका. म्हणजे चौथी स्टेज.

अशा वेळी बायका रडतात म्हणे. मला राग आला, आणि तो शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा आला. त्याच्याकडे वळून मी म्हटलं, "सांगत होते ना मी?"

"मॅडम, आत्ता नको," डॉक्टर म्हणाल्या.

"मग कधी?" मी विचारलं.

डॉक्टरांनी पडदा परत स्वतःकडे वळवला.

हा माणूस माझा नवरा, मनोहर. आम्ही मूळचे बेळगावचे. लग्नानंतर बेंगळूरला आलो ते इथलेच झालो, बनशंकरीत राहतो. तो मशिनी बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइनर होता, मी बसवनगुडीतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. आता दोघंही निवृत्त. तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणते. इथे लिहिताना 'तो' म्हणणार आहे. तेवढा सूड मला पुरतो.

तो कॉलेजपासून सिगरेट ओढायचा. मी गोड बोलून पाहिलं, अबोला धरला, लायटर गटारात टाकले. मुलीच्या लग्नात त्याने सोडल्याची शपथ घेतली आणि वरातीच्या मागे जाऊन ओढली. खोकला सुरू झाला तेव्हा म्हणाला, बेंगळूरच्या हवेची ॲलर्जी आहे, सगळ्यांनाच होते. खांदा दुखायला लागला तेव्हा उशी बदलली. जिन्यावर दम लागायला लागला तेव्हा म्हणाला, वय झालं. मीच त्याला ओढत एक्स-रे काढायला नेलं.

हे सांगतेय ते एवढ्यासाठी, की तुमच्या घरात हा आजार आला आणि तुम्हाला माया वाटण्याऐवजी संताप आला, तर स्वतःला राक्षस समजू नका. माझ्या संतापाने त्याची औषधं एकदाही चुकवली नाहीत.

त्या दिवशी मला वाटत होतं की आता लगेच केमो सुरू होईल. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, थांबायचं. त्या कन्नड आणि इंग्रजीत बोलतात, मी माझ्या मराठीत लिहितेय.

"गाठीचे बायोमार्कर बघायचेत. त्याशिवाय मी औषध ठरवणार नाही."

बायोमार्कर म्हणजे गाठीची ओळख पटवणारी खूण. पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याच्या सूचना तिच्या आतच असतात. काही गाठींत यातली एखादी सूचना बिघडते आणि वाढीचं बटण चालू स्थितीत अडकून बसतं. इजीएफआर, एएलके अशी या जीन्सची नावं आहेत. नेमका बिघाड सापडला, तर त्या बटणावर काम करणारी गोळी देता येते. नाही सापडला तर केमोथेरपी किंवा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारं औषध. नेक्स्ट जनरेशन सिक्वेन्सिंग नावाच्या तपासणीत असे पुष्कळ जीन्स एकदम वाचतात. डॉक्टरांनी कागदावर पेशी काढून मला हे समजावलं. शाळेतल्या गणिताच्या बाईला समजेल इतकं सोपं करून सांगितलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

फुफ्फुसाभोवतीचं पाणी काढल्यावर त्याचा श्वास जरा सुटला आणि आम्ही घरी येऊन रिपोर्टची वाट बघायला लागलो.

वाट बघणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. रिपोर्ट यायच्या दिवशी लॅबमधून फोन आला, "सॅम्पल अपुरं आहे." सुईने काढलेला गाठीचा तुकडा इतका लहान होता की कॅन्सर आहे एवढं ओळखण्यातच तो संपला. जीन्स वाचायला काही उरलंच नाही. फोनवरचा मुलगा हे अशा आवाजात सांगत होता, जसं काही गॅस सिलिंडर उद्या येईल.

"मग इतके दिवस तुम्ही कशाची तपासणी करत होतात?" मी ओरडले. तो म्हणाला, "मॅडम, प्रोसेस असते." मी फोन आपटला. फोन आपटायचा नसतो, आता ते काचेचे असतात, पण त्या वेळी कोण विचार करतं.

याच दिवसांत माझे दीर, प्रकाश भावोजी, बेळगावहून आले. माणूस मायेचा, पण मदत करायला आला की समोरच्याला मोडूनच ठेवतो. येताना दुसऱ्या एका डॉक्टरांचं मत घेऊन आले होते.

"वहिनी, ते म्हणतायत, इम्युनोथेरपी उद्यापासून सुरू करू. तुम्ही कशाची वाट बघताय? माझा भाऊ रोज झिजतोय."

"तुमच्या भावाला झिजताना मी बघतेय, तुम्ही कालच्या बसने आलात."

असं आमचं स्वयंपाकघरात चाललेलं असताना मनोहर बाहेरच्या खोलीत खोकत होता. त्याला विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावोजी स्वतः डॉक्टर मॅडमसमोर जाऊन बसले. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "समजा इजीएफआरचा बिघाड निघाला. अशा गाठींवर इम्युनोथेरपी सहसा फारशी चालत नाही. आणि ती आधी देऊन मागोमाग गोळी सुरू केली, तर फुफ्फुसाला जोराची सूज येऊ शकते. यांच्याकडे फुकट घालवायला फुफ्फुस नाही. तब्येत जास्तच घसरली तर मी केमो सुरू करेन, अडून बसणार नाही. पण आज थांबू शकतो, तर थांबू या. आता रक्त पाठवते."

गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा त्यांच्या जीन्सचे बारीक तुकडे रक्तात येतात. ते पकडून वाचायचे, याला लिक्विड बायोप्सी म्हणतात. त्यात काही सापडलं नाही तर बिघाड नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही. मग पुन्हा सुई. भावोजी कन्नडमध्ये 'सरी, सरी', म्हणजे ठीक आहे, म्हणत बाहेर आले आणि रिक्षात मला म्हणाले, "काही झालं तर जबाबदार कोण?"

"मी," मी म्हटलं. मला त्या वेळी कुणाच्याही तोंडून हा प्रश्न ऐकवत नव्हता.

नातेवाईक रोज फोन करून 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत होते. शेवटी आम्ही नाही, रक्ताचा रिपोर्टच पॉझिटिव्ह आला. इजीएफआर पॉझिटिव्ह, एक्सॉन नाइन्टीन डिलीशन. म्हणजे त्या जीनच्या एका ठरावीक भागातला छोटा तुकडा गळून गेलेला. डॉक्टर मॅडम पहिल्यांदाच हसल्या. यावर चांगली गोळी आहे, रोज एक, घरीच घ्यायची.

आणि मग त्या एक वाक्य बोलल्या. बोलल्या नसत्या तर फार बरं झालं असतं.

"हा बिघाड बऱ्याचदा कधीच सिगरेट न ओढलेल्या लोकांत सापडतो."

कित्येक दिवस खांदे पाडून बसणारा माझा नवरा ताठ झाला.

"डॉक्टर, हे परत एकदा सांगा. हिच्यासाठी."

"सर, ओढणाऱ्यांतही सापडतो. हा रिपोर्ट आजार का झाला ते सांगत नाही. औषध कुठलं द्यायचं ते सांगतो."

हे दुसरं वाक्य त्याने ऐकलंच नाही. घरी येईपर्यंत त्याने निम्म्या बेळगावला फोन केले. "माझा सिगरेटवाला नाही. जीनमधला आहे. रिपोर्ट आलाय." आणि लोकांना केवढा आनंद! ज्यांनी महिनाभर 'ओढत होता, भोगतोय' असं माझ्याकडे हळूच म्हटलं होतं, ते त्याला फोनवर 'बिचारा' म्हणायला लागले. जणू आधी तो बिचारा नव्हता.

पण लोकांना कारण लागतंच. सिगरेट गेली, तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसले. जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही फोडणी जरा जास्तच तडतडवता नाही का? तो धूर..." शेजारच्या बाईंनी उदबत्त्यांचा विषय काढला. भावोजींनी तर घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते मोबाइलवर तपासलं.

मी त्या दिवशी मुद्दाम सुक्या मिरचीची फोडणी केली. सगळे ठसकले. भावोजी दोन दिवसांनी बेळगावला गेले.

गोळी सुरू झाली. गोळी म्हटलं की लोकांना वाटतं, क्रोसिनसारखं काहीतरी. तोंडभर पुरळ आलं, जुलाब झाले, नखांच्या कडा सुजून इतक्या दुखायच्या की त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मी लावून द्यायचे. आम्ही तेव्हा फारसं बोलत नव्हतो. बटणं लावायला बोलावं लागत नाही.

पण श्वास परत आला. आधी पायऱ्या, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग थेट बाजारापर्यंत तो चालायला लागला. पहिल्या स्कॅनमध्ये गाठ अर्ध्याहून कमी झाली होती. मी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून शेवटी रडले. सिक्युरिटीवाला म्हणाला, "अक्का, स्वल्प नीर कुडी." थोडं पाणी प्या. मी प्यायले.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी गांधीबाजारातून भाजी घेऊन येत होते. आमच्या कोपऱ्यावर एक टपरी आहे. बेंगळुरात अशा दुकानाला 'कॉन्डिमेंट्स' म्हणतात, पण मिळतं तेच, पान, चहा, सिगरेट. तिथे माझा नवरा उभा होता. बटणांसाठी न वळणाऱ्या त्याच बोटांत त्याने सिगरेट धरली होती.

मी भाजीची पिशवी तिथेच टाकली आणि त्याच्या हातातली सिगरेट हिसकावून पायाखाली चिरडली. टोमॅटो रस्त्यावर घरंगळले. दुकानदार घाईघाईने म्हणाला, "अक्का, समाधान, समाधान!" कन्नडमध्ये समाधान म्हणजे शांत व्हा. माझ्या मराठी कानाला त्या वेळी ती क्रूर थट्टा वाटली.

"रिपोर्ट ऐकलास ना तू?" तो म्हणाला. "मग आता कशाला तमाशा?"

"रिपोर्टात गोळीचं नाव आहे हो! तुम्हाला ओढायची परवानगी कुठल्या पानावर दिलीय?"

"तुला फक्त तुझं खरं करायचं होतं." त्याचा आवाज चढला तसा त्याला दम लागला, पण तो थांबला नाही. "डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं आणि तू पहिलं काय बोललीस? मला मरायची भीती वाटली नाही गं तितकी. तू बरोबर होतीस, हे डोक्यावर घेऊन मरायचं, याची वाटली. रिपोर्ट आला तेव्हा वाटलं, सुटलो."

मी रस्त्यात उभी होते. काहीतरी लागेल असं बोलावं म्हणून तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"मला बरोबर असायचं नाहीये. तुम्ही गेलात की मी भांडू कुणाशी?"

तो वाकून टोमॅटो गोळा करायला लागला. वाकल्यावर अजून त्याला धाप लागते. मग मीही वाकले. दुकानदाराने दोन चहा पुढे केले आणि आम्ही ते उभ्यानेच घेतले. मी माफी मागितली नाही. अजूनही मागितलेली नाही. त्यानेही नाही.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं, "सिगरेटमुळे झाला की नाही? एकदा सांगून टाका."

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "थोडा वाटा असेल, नसेलही. या रिपोर्टवरून कुणीच सांगू शकत नाही. तुम्हा दोघांना या उत्तराशिवायच राहायला लागेल." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "आणि सर, उरलेल्या फुफ्फुसावर अजून किती राग काढायचाय?"

त्याने मान खाली घातली. ओढणं बंद आहे, असं तो म्हणतो. मी वास घेऊन तपासते.

तुमच्यावर ही वेळ आली तर माझं एवढंच ऐका. औषध सुरू करण्याआधी विचारा, बायोमार्कर बघितले का. सुईने काढलेला तुकडा त्या तपासणीला पुरेल का, हे आधीच विचारा, म्हणजे आमच्यासारखे दिवस वाया जाणार नाहीत. थांबणं जमतंय की नाही, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, दिराने नाही. आणि कुणी कारण सांगायला लागलं की फोन ठेवा. आपटू नका, ठेवा.

गोळी कायमची नसते. गाठ कधीतरी पळवाट शोधते. वर्षभर छान गेलं आणि आता स्कॅनमध्ये एक नवा ठिपका दिसलाय. परत सुई घातली, या वेळी तुकडा पुरेसा आहे हे मी लॅबवाल्यांकडून आधी वदवून घेतलं. आता गाठीने कुठली नवी खूण धारण केलीय, त्याचा रिपोर्ट यायचाय. मला भीती वाटते. रागापेक्षा भीती जास्त वाटतेय, आणि हे मला मुळीच आवडलेलं नाही.

आभार मानायचे तर त्या डॉक्टरांचे मानते, ज्यांनी आम्हाला थांबवून ठेवलं आणि खोटं उत्तर दिलं नाही. बाकी कुणाचे मानायचे ते रिपोर्ट आल्यावर बघू.

हे लिहून झाल्यावर मी त्याला वाचायला दिलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं.

"यात मी फारच वाईट दिसतोय," तो म्हणाला.

"दिसा," मी म्हटलं. "दिसताय ना, ते पुरे."