दीड किलोसाठी

लीला हत्तुरे यांना माणसाची किंमत करायला फार वेळ लागत नसे. चौतीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या कार्यालयात काढली होती, शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. समोरचा माणूस टेबलावर कागद कसा ठेवतो, एवढ्यावरून त्याची लायकी त्यांना कळे, आणि बहुतेक वेळा ती फारशी नाही असंच कळे. निवृत्तीनंतर जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत. सोसायटीतल्या बायका त्यांना जरा वचकूनच असत.

अशा बाईकडे प्रभुलिंग मालक शाल-श्रीफळ घेऊन आले, यातच त्यांची माणसांची पारख किती होती ते दिसतं. भवानी पेठेत त्यांचं टॉवेल-चादरींचं दुकान होतं आणि ते नवतरुण क्रीडा मंडळाचे अध्यक्ष होते. जन्मात कधी कबड्डीची रेषा ओलांडली नव्हती, तरी अठरा वर्षं ते कबड्डीचे आधारस्तंभ होते. निदान त्यांनीच छापलेल्या पत्रिकांवर तसं असे. मंडळात मुलींचा संघ होता. जिल्हा कबड्डी संघटनेचं परिपत्रक आलं होतं की मुलींचा संघ असेल तिथं खेळाडू सुरक्षा समिती हवी आणि तिच्या प्रमुखपदी मंडळाबाहेरची एक महिला हवी.

"तुम्हाला काही करायचं नाही, मॅडम," मालक म्हणाले. "तीन महिन्यांतून एक सही."

त्याच वाक्याला लीलाबाईंनी त्यांना जिना दाखवायला हवा होता. पण मंडळाच्या लेटरहेडवर नाव छापून आलं, ते त्यांनी दोनदा वाचलं आणि कपाटात नीट ठेवलं. दर तिमाहीला घरपोच फॉर्म येई. त्यात प्रश्न असे, काही तक्रार आली का? लीलाबाई आपल्या वळणदार अक्षरात लिहीत: निरंक. असं त्यांनी दोनदा लिहिलं. मैदान एकदाही पाहिलं नव्हतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एका बारशाच्या निमित्तानं त्या भवानी पेठेत गेल्या होत्या. एवढं भपकेबाज लेटरहेड असलेल्यांचं मैदान तरी कसं आहे ते बघावं, असं मनात आलं. या जाण्यात काळजी नव्हती, तुच्छताच जास्त होती, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं.

दुपारचे चार वाजले होते. पारा बेचाळीसवर होता. दहा-अकरा मुली भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या आणि एक मुलगी एकटी मैदानाला फेऱ्या मारत होती. तिच्या अंगात रेनकोट होता, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. लीलाबाईंना वाटलं, शिक्षा असावी. कोपऱ्यात लिंबाखाली खुर्ची टाकून इंद्रजीत सर मोबाईल बघत बसले होते. हे मंडळाचे प्रशिक्षक. लीलाबाईंनी आपण कोण ते सांगितलं, तेव्हा ते अर्धे उठले आणि परत बसले.

शिक्षा नव्हती. ती पोर म्हणजे अपेक्षा, संघातली सगळ्यात चांगली चढाईपटू. रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी होती. किशोरी गटात पंचावन्न किलोच्या वर मुलगी चालत नाही आणि अपेक्षा भरली साडेछप्पन. दीड किलो काढायचं होतं. चार दिवस ती एका भाकरीवर होती आणि आज सकाळपासून दोन घोट पाण्यावर. तोंडात चिंच धरायची आणि सुटलेलं पाणी थुंकत राहायचं, म्हणजे तेवढंही वजन उतरतं, हे सरांनी मोठ्या विद्वत्तेनं समजावून सांगितलं. मैत्रिणींनी चोरून पाणी पाजू नये म्हणून सगळ्यांच्या बाटल्या त्यांच्या स्कूटरच्या डिकीत बंद होत्या.

फेरी मारत मुलगी जवळ आली. ओठ पांढरे पडले होते, रेनकोटाच्या बाहीतून घाम ठिबकत होता. लीलाबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढून पुढं केली. मुलीनं बाटलीकडे पाहिलं आणि मग सरांकडे.

"नको, काकू. सर म्हनले तरच."

"बघा की, मॅडम," इंद्रजीत म्हणाले. "ह्याला शिस्त म्हनत्यात."

हे आताच्या आता थांबवा, असं लीलाबाईंनी सांगितलं. मुलीला स्वतःलाच खेळायचंय, तिच्या आईची परवानगी आहे, खेळातलं तुम्हाला काय कळतंय, असं सर हसत हसत बोलले. लीलाबाई तिथून तडक मालकांच्या दुकानात गेल्या. मालकांनी पंखा त्यांच्याकडे वळवला, सरबत मागवलं आणि म्हणाले, खेळात थोडं सोसावं लागतं, रविवार होऊन जाऊ द्या, मग बघू. दुकानाच्या चार पायऱ्या चढताना ज्याला धाप लागते तो माणूस सोसण्याचे धडे देत होता. लीलाबाईंनी सरबताला हात लावला नाही.

पण घरी आल्यावर त्यांनी जे केलं, ते त्यांना पुढं कायम सलत राहिलं. त्यांनी अर्ज लिहायला घेतला. चौतीस वर्षांची सवय, कागद योग्य त्या मार्गानंच जायला हवा. आधी मंडळाला लेखी समज, उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत, मग संघटनेकडे तक्रार. समज त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळात पोच घेऊन दिली. तिथून मुलीच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. तिथं जायचं त्यांना सुचलं नाही.

मुदत संपायच्या दुपारी अपेक्षा मैदानात कोसळली.

लीलाबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा पोरीला सलाईन लावलेलं होतं. पोटऱ्यांत गोळे येऊन ती झोपेतही कण्हत होती. अंगातलं पाणी पार आटलंय, आणखी तासभर गेला असता तर मूत्रपिंडावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. उशाशी तिची आई बसली होती. शिवबाई. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. ओढणीवर अजून दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते.

"रविवारपत्तूर उठंल का हो ही?" तिनं विचारलं. "सर म्हनले हुते, निवड झाली की पुढं पोलिसात घेत्यात. आमच्यात कुणी नोकरीला न्हाय."

लीलाबाईंनी या बाईसाठी मनात तुच्छता शोधून पाहिली. ती सापडली नाही. स्वतःसाठी मात्र भरपूर सापडली.

त्याच संध्याकाळी मालक आणि इंद्रजीत जुळे सोलापुरात दाखल झाले. मालकांनी तिमाहीचा फॉर्म टेबलावर ठेवला. तारीख चार दिवसांपूर्वीची होती आणि तक्रारीच्या रकान्यात 'निरंक' आधीच टाइप केलेलं होतं. फक्त सही हवी होती. लीलाबाई आत जाऊन पाणी घेऊन आल्या. इंद्रजीतनी तांब्या उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"ऊन लागलं वाटतं, सर?"

"लई ऊन हाय, मॅडम."

"स्कूटरवर वीस मिनिटं. रेनकोट न घालता."

इंद्रजीतनी तांब्या खाली ठेवला. मालक घसा साफ करत म्हणाले की मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे, अठरा वर्षांची पुण्याई आहे, पोरगी आता बरी आहे.

"मालक, मंडळाच्या अब्रूसाठी ती पोर रेनकोट घालून पळाली," लीलाबाई म्हणाल्या. "आता थोडं तुम्ही पळा."

त्यांनी पेन उघडलं. टाइप केलेल्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली वार, वेळ, रेनकोट, चिंच, कुलपातल्या बाटल्या, सगळं क्रमानं लिहिलं. शेवटी लिहिलं, मी हे पाहिल्यावर तक्रार करायला तीन दिवस लावले, ही चूक माझी. मग सही केली. मालक फॉर्म घ्यायला हात पुढं करत होते, पण तो आता त्यांच्या हाती लागणार नव्हता. दुसऱ्या दिवशी तो संघटनेच्या आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत पोचला.

चौकशी झाली. इंद्रजीतना एक वर्षाची बंदी आली. दोन महिन्यांत शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळानं हार घालून त्यांना नेमलंही. लीलाबाईंनी तिथं आदेशाची प्रत पाठवली, तेव्हा तो हार उतरला. प्रभुलिंग मालकांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला आणि पुढच्या पत्रिकेवर 'मार्गदर्शक' म्हणून छापून आले. असल्या माणसांना पदावरून काढता येतं, पत्रिकेवरून नाही. मंडळानं चेतना नावाची एक जुनी खेळाडू प्रशिक्षक म्हणून आणली. लीलाबाई आता आठवड्यातून दोनदा न सांगता मैदानावर जात. बाटल्या रेषेवर मांडलेल्या असत आणि पालकांना कधीही येऊन बसता येई.

अपेक्षा मात्र येईना. चाचणी हुकली होती. बाईनं कागद रंगवले आणि माझ्या पोरीचा खेळ गेला, असं शिवबाई गल्लीत सांगत होती. दोनदा लीलाबाई दारातून परत आल्या.

दरम्यान त्यांनी स्पर्धेचे नियम मागवून घेतले आणि फायल वाचावी तसे वाचले. त्यात जे सापडलं ते घेऊन ऑक्टोबरात त्या तिसऱ्यांदा गेल्या. शिवबाई घरच्या मशीनवर बसली होती. तिनं मशीन थांबवलं नाही. त्या आवाजातच लीलाबाईंनी सांगितलं की कुमारी गट म्हणून वरचा गट असतो, त्यात पासष्ट किलोपर्यंत चालतं आणि अपेक्षाच्या वयाची मुलगी त्यात खेळू शकते. एप्रिलमध्येही खेळू शकली असती. पण मंडळाला किशोरी गटाची ढाल हवी होती, म्हणून तिला त्याच गटात ठेवलं.

आतल्या खोलीच्या दारात अपेक्षा येऊन उभी राहिली होती.

"म्हंजे मी जेवले असते तरी चाललं असतं?"

"हो," लीलाबाई म्हणाल्या.

मशीन थांबलं. शिवबाईनं हातातली गणवेशाची बाही बाजूला ठेवली. मग उठली आणि चहा ठेवला.

दिवाळीनंतर अपेक्षा मैदानावर आली. चेतनानं वजनाचा काटा ऑफिसच्या खोलीत ठेवला होता. मुलगी एकटी आत जाई, आकडा फक्त तिला सांगितला जाई. जानेवारीत अपेक्षानं कुमारी गटाची चाचणी दिली. निवड झाली नाही, तिच्यापेक्षा मोठ्या आणि तयार मुली होत्या. लीलाबाईंबरोबर रिक्षातून परत येताना ती थोडी रडली, मग आईनं दिलेली शेंगाचटणी-भाकरी काढली. निम्मी लीलाबाईंपुढं धरली. लीलाबाईंना रिक्षात बसून खाणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा होता. त्यांनी ती घेतली आणि खाल्ली.