एक्केचाळिसावं यंत्र

कुणाच्या घरी गेली तरी आधी भिंतीतली मोकळी सॉकेटं बघणारी ही नेटवर्कवाली बाई. आज तिला बसवेना. सकाळीच तिने ऑफिसच्या नेटवर्क स्विचच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या वायरी जिथे येतात त्या डब्याच्या, सगळ्या पोर्टांना कुलूप घातलं होतं. प्रत्येक पोर्टने त्या क्षणी जोडलेलं यंत्रच ओळखायचं, दुसरं आलं की पोर्ट बंद. "आता निर्धास्त राहा," असं साहेबांना सांगूनही झालं. मग मोजलं, तर ऑफिसची यंत्रं चाळीस आणि ओळखलेली एक्केचाळीस!

जास्तीच्या पोर्टच्या वायरचा माग काढत ती हिशेबनीस काकांच्या टेबलाशी आली आणि घोळ त्यांना सांगितला.

"म्हणजे चोर आत असतानाच दार लावलंस?" काका हसले.

"हसताय काय? पाय उचला."

खाली घरून आणलेला वायफायचा डबा लुकलुकत होता.

"अगं, मोबाइलला रेंज नव्हती म्हणून..."

तिने वायर उपटली आणि सकाळचा शब्द मागे घ्यायला साहेबांच्या केबिनकडे निघाली.