संडासाच्या दारावरचा सिंह

माझ्या चुलत भावाच्या जटा पुण्याहून आल्या. एका सलूनमध्ये सहा तास बसून त्याने त्या करून घेतल्या, अर्ध्या स्वतःच्या केसांच्या, अर्ध्या नायलॉनच्या. मग नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्याच घराच्या तळमजल्यावर, त्याने कॅफे काढला. भिंतींवर लाल, पिवळे, हिरवे पट्टे. जळगावच्या मे महिन्यात तो त्याच तीन रंगांची लोकरीची टोपी घालून बसायचा आणि घाम पुसत सांगायचा की रेगे हे नुसतं संगीत नाही, जगण्याची रीत आहे. रीत म्हणजे चिकन मोमो आणि दिवसभर तीच आठ गाणी. त्यातली दोन गुलामांच्या जहाजांबद्दल होती. मला शब्द कळत, म्हणून मी ऐकत असे. बाकीचे त्या गाण्यांवर मान डोलवत वाढदिवसाचे केक कापत.

चित्रं काढायला रावेरचा पेंटर आणला होता. केळीच्या ट्रकांवर देव रंगवणारा. त्याने मुकुट घातलेला सिंह काढला, पण सवयीने देवीच्या वाहनासारखा, पाठ रिकामी ठेवून, जणू आता कुणी येऊन बसणार आहे. दादाला तो इतका आवडला की त्याने दोनदा काढून घेतला. एकदा काउंटरच्या मागे, एकदा संडासाच्या दारावर. आफ्रिकेचा नकाशाही होता, नुसता हिरवा, आत एकही देश नाही. "सीमाच नाहीत. युनिटी," असं दादा गिऱ्हाइकांना सांगे. खरं कारण मला माहीत होतं. पेंटरला पाचची बस गाठायची होती.

जूनमध्ये ती आली. मलावीची, इथे फार्मसी शिकायला आलेली. होस्टेल दुरुस्तीसाठी रिकामं करायला सांगितलं होतं आणि तिला रविवारच्या आत खोली हवी होती. आमच्या फाटकावर पाटी होती: वरची खोली भाड्याने देणे, मुलींना प्राधान्य. तिच्या डोक्याला कापड गुंडाळलेलं होतं आणि त्याखालून जटा कमरेपर्यंत आल्या होत्या. त्या कुठल्याच सलूनच्या नव्हत्या.

दादा उठून उभाच राहिला. आधी तिच्यासोबत तीन फोटो काढले. मग मला विचारलं, "हिचं आफ्रिकेतलं गाव कुठलं, विचार." ती नकाशाकडे बघत होती. "माझ्या वडिलांना असाच हवाय," ती इंग्रजीत म्हणाली. "सगळी आफ्रिका एक. जेवताना रोज हेच बोलतात." तिच्या बोलण्यात टोमणा आहे का, हे मी तपासून पाहिलं. नव्हता. ती रास्ताफारी घरातच जन्मली होती. दादाचे तीन रंग, जटा, मुकुटवाला सिंह, सगळं मुळात त्या पंथाचं. दादाने मोमो पुढे केले, तेव्हा तिने हात जोडून सांगितलं की ती मांस खात नाही, मीठसुद्धा शक्यतो नाही.

"मग ही कसली रास्ता?" दादा मला मराठीत म्हणाला.

तिने खोलीचं विचारलं. दादाचा चेहरा टोपीखाली जरा आकसला. त्याने मला फ्रीजजवळ बोलावलं.

"तिला सांग, खोली कालच गेली."

"पाटी आहे अजून."

"काढतो ना. अगं, कॉलनीतले लोक काय म्हणतील? तू कॉन्व्हेंटची. तू गोड सांगशील."

मी गोड सांगितलं. व्याकरण बिनचूक होतं, दिलगिरीही योग्य जागी होती. "हे पाचवं घर," ती म्हणाली, माझे आभार मानले आणि बॅग उचलायला वाकली. डोक्यावरचं कापड सुटलं.

जिन्यावर मोठी आई उभी होती, म्हणजे दादाची आई, धरणगावची. आमच्याकडे बाईच्या केसात आपोआप जट झाली तर ती कापत नाहीत. देवी आली म्हणतात. मोठी आई वर गेली आणि हळदीकुंकवाचं ताट घेऊन खाली आली.

"देवीनी जट शे ती," ती दादाला म्हणाली. "तिले दारमाथून माघारी धाडस? खोली तं रिकामी शे."

"आई, तुला काही कळत नाही."

"तुले भलतं कळस."

"काय म्हणतात त्या?" मुलीने मला विचारलं.

पुन्हा खोटं बोलले असते तर सगळं सोपं होतं. तिने कपाळ पुढे केलं असतं, खोली मिळाली असती. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि पहिलं खोटं माझ्या तोंडात अजून तसंच होतं. मी सगळं सांगितलं. देवी, जट, ताट, आणि खोली गेलेली नाही हेही.

तिने सुटलेलं कापड पुन्हा डोक्याला गुंडाळलं. "त्यांना सांग, केस हा माझा देवाला दिलेला शब्द आहे. पण ती देवी नव्हे. कुंकू मी लावून घेणार नाही. खोली मात्र हवी आहे."

मी ते मराठीत सांगितलं, अगदी हळू. आता खोली गेली असं मला वाटलं. मोठी आई ताट धरून उभी राहिली.

"नवस शे ना तिना?"

"तसंच काहीतरी."

"मंग झालं. कोना देवले?"

मी विचारलं. मुलीने काउंटरमागच्या सिंहाकडे बोट केलं. "ती त्याची खूण." मग बोट सरकून संडासाकडे गेलं. "तिथली काढायला सांगशील?" आत आल्याबरोबर तिने ती पाहिलेली असणार. आणि तरीही फोटोसाठी हसली होती.

मोठी आई जाऊन दार बघून आली.

"संडासना दारवर देव काढी ठेवा का रे?"

"आई, ते ब्रँडिंग आहे."

तिने ताट मोमोंच्या शेजारी ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि मुलीच्या हातात दिली. दादाला रंग खरवडायची पत्री आणि वर फासायला नकाशाचा उरलेला हिरवा रंग दिला. तो टोपी काढून दारापुढे उकिडवा बसला. एका नायलॉनच्या जटेला हिरवा रंग लागला. तो अजून निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्या पेजवर तिच्यासोबतचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, आमच्याकडे सगळे एक. दोनशे जणांनी लाइक केलं होतं. मी केलं नाही. माझा निषेध साधारण एवढाच असतो.