मेंढरांच्या वाटेवरचा कवी

"पाणी कसंय तिथलं?"

कुणी मनालीला जाऊन आलेलं असो की मावशीकडं जालन्याला, माझा हा मित्र पहिल्यांदा हेच विचारायचा. आम्ही मोबाईलवर बर्फाचे फोटो दाखवायचो आणि याला पाण्याची पडलेली. चितेगावच्या कंपनीत आम्ही एकाच खात्यात. पडेगावहून कंपनीच्या बसमध्ये शेजारीशेजारी बसून जायचो. त्याचं घराणं मेंढपाळांचं. दिवाळी झाली की त्याचे वडील मेंढरं घेऊन कन्नडचा घाट उतरायचे, खानदेशात जायचे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. आयटीआयला येईपर्यंत हाही त्यांच्यामागं चालला होता. मेंढरांसाठी पाणी शोधायची सवय जाते कुठं?

या चालण्यावरच तो कविता करायचा. बसमध्ये मला ऐकवायचा आणि वर म्हणायचा, "डोळ्यात पाणी नाय आलं? मग जमली नाय." यायचं हो, पण कंपनीच्या गणवेशात कोण रडणार!

शहरातल्या काव्यवाचनांत तरुण पोरं त्याच्यावर खूश असत. एका कवितेवर तर फारच. लहानपणी भर दुपारी, बाभळीखाली राखण करताना याला झोप लागली आणि लांडग्यानं कोकरू नेलं. वडील एक शब्द बोलले नाहीत, पुढच्या मुक्कामापर्यंत नुसते पुढं चालत राहिले. त्या मुक्या पाठीमागं चालताना आपलं बालपण संपलं, असं कवितेत होतं. कविता चांगली होती, त्यात वाद नाही. एक मुलगी मुद्दाम येऊन त्याला म्हणाली होती, "माझे पप्पापण असेच आहेत."

एकदा हौसेनं तो आबांना, म्हणजे वडिलांनाच, कार्यक्रमाला घेऊन आला. म्हातारा पागोटं सावरत पहिल्या रांगेत बसला. नंतर आम्ही तिघं बाहेर चहाच्या गाड्यावर उभे होतो. बशीतला चहा फुंकत वडील म्हणाले, "लई चांगलं लिवलंस. पण म्या काय बोलणार व्हतो तुला? पल्याडच्या लिंबाखाली म्या बी झोपलोच व्हतो."

मला हसू आलं. त्याच्याकडं बघितलं आणि ते तिथंच थांबलं. इतकी वर्षं तो ज्याला बापाचा राग समजत होता, ती बापाची लाज होती.

ती कविता त्यानं पुन्हा कुठं वाचली नाही. "आबासंगं एक खेप चालतो. मागून नाय, बरोबरीनं. मग नवी लिवतो," म्हणायचा. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "ये की. रजा मिळती का बघ." त्या दिवाळीला तो कंपनीत कायम होण्याच्या बेतात होता, रजा मागायची सोय नव्हती. पुढच्या दिवाळीला लेक झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि आबा गेले. भावानं मेंढरं विकून टाकली. बसमध्ये तो खिडकीकडं तोंड करून बसायला लागला. मला फार वाईट वाटायचं, पण कवीचं सांत्वन करायला शब्द तरी कुठून आणायचे?

यंदा दिवाळीनंतर त्यानं रजा मागितली, साहेबांनी लगेच दिली. आठवड्याभरानं त्याचा फोन आला. पाठीवर पिशवी टाकून एकटाच पायी घाट उतरला होता. लेंडीखतासाठी एक शेतकरी दरसाल त्यांची मेंढरं आपल्या रानात बसवायचा, त्याच्या बांधावर पोचला होता. त्या म्हाताऱ्यानं त्याला लांबूनच ओळखलं. त्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडं बघत त्यानं विचारलं, "आबा मागं राहिले का?"

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.



"व्हय म्हणालो," तो म्हणाला. "येतायत."