खापा ते नागपूर: ताईला पोचवायला गेलो तेव्हा

या ब्लॉगवर मी लडाखपासून रामेश्वरापर्यंत सगळीकडचं लिहिलं, फोटो टाकले, कुठे काय खावं आणि कुठे मुळीच खाऊ नये तेही सांगितलं. परवा एका वाचक मुलीने विचारलं, "मावशी, तुमचा सगळ्यात मोठा प्रवास कोणता?" मी लगेच लिहिलं, खापा ते नागपूर. तिला वाटलं मी गंमत करतेय. अगं, गंमत कसली! रस्ता तासा-दीड तासाचा आहे, मान्य. पण चौऱ्याहत्तर सालच्या माघात त्या रस्त्याने आम्ही तिघी गेलो आणि दोघीच परत आलो. आजही कोणी ते सांगायला लावलं की माझी मान ताठ होते.

तिघी म्हणजे माझी माय, मोठी बहीण सुमनताई आणि मी, कुंदा. खापा हे कन्हान नदीकाठचं आमचं गाव. वडील लवकर गेले आणि मायने हातमागावर कापड विणून आम्हाला वाढवलं. ताई पंचवीस वर्षांची, काटोलकडच्या एका शाळेत मास्तरीण. आमच्या आळीत पगाराची नोकरी लागलेली ती पहिलीच बाई. ती सुट्टीत घरी आली की माय तिला मुद्दाम आळीतून दोन चकरा मारायला लावायची. मीठ आण, काड्याची पेटी आण, काहीही निमित्त चालायचं.

तर ही ताई दिवाळीत घरी आली आणि भाकरी मोडता मोडता म्हणाली, "माय, मी नोकरी सोडून राहिली. मले चीवर घ्यायचं हाये."

चीवर घ्यायचं म्हणजे डोकं मुंडवायचं, तपकिरी वस्त्र नेसायचं, घरदार सोडून धम्माच्या कामाला लागायचं. लग्न नाही. दुपारी बारानंतर जेवण नाही. आणि जे खायचं ते लोक पात्रात वाढतील तेच. ताईचं म्हणणं सरळ होतं. छप्पन साली आपण सगळ्यांनी धम्म घेतला, पण खेड्यातल्या बायकांना त्यातलं कोणी काही सांगितलं नाही. सभा पुरुषांच्या, भाषणं पुरुषांची, बायका मागे लेकरं सांभाळत बसलेल्या. त्यांच्या चुलीपाशी बसून बोलणारी बाई हवी, आणि ती बाई मी होणार.

माय उठून मागावर बसली आणि धोटा असा दणादण चालवू लागली की शेजारीण विचारायला आली, काय झालं म्हणून.

मायचा राग लग्नावरून नव्हता, केसांवरूनही नव्हता. तिचा राग होता त्या पात्रावर. माय लहानपणी तिच्या आजीमागे टोपली घेऊन मोठ्या आळीत भाकरी मागायला जायची. शिवाशिव नको म्हणून तिथल्या बाया ओट्यावरून, वरून टाकायच्या. टोपलीत पडली तर पडली, नाहीतर मातीतून उचलायची. छप्पन साली मायने सात वर्षांच्या ताईला बोटाला धरून नागपूर गाठलं, धम्म घेतला आणि परत येऊन शपथ घेतली की या घरातलं माणूस पुन्हा कोणाच्या दारात हात पसरणार नाही. "आन आता माही शिकलेली पोरगी भांडं घिऊन दारोदार हिंडन?" एवढं एकच वाक्य ती तीन महिने म्हणत राहिली.

आणि अडचण अशी की आईवडिलांच्या परवानगीशिवाय दीक्षा मिळत नाही. तसा नियमच आहे. सगळं मायच्या एका शब्दावर अडलं होतं. शेवटी माघात ती म्हणाली, "पोचवाले येते. परवानगीचं मले विचारू नोको." तेवढ्यावर आम्ही निघालो. मला विचाराल तर मी मनातून मायच्याच बाजूची होते. ताई गेली असती तर माझ्याशी भांडायला कोण उरलं असतं?

पहिला दिवस

सकाळची एसटी सावनेरमार्गे. तेव्हा रस्ता एकेरी होता, समोरून ट्रक आला की आमची गाडी धुळीत उतरायची. आता चौपदरी झाला आहे, गाडीला वाटलं तरी खड्डा सापडत नाही. जायचं तर थंडीतच जा, उन्हाळ्यात नागपूर माणसाला भाजून काढतं. माघात हवा छान असते आणि वाटेत संत्र्यांचे ढीगही भेटतात. आमच्या गाडीत काटोलकडचा एक शेतकरी दोन करंड्या घेऊन चढला होता. त्याने मायला विचारलं, "कुठं चालल्या बाई, लग्नाले का?"

"नाई गा," माय म्हणाली, "पोरीले सोडाले."

"सासरी?"

मायने खिडकीबाहेर पाहिलं. ताईनेच हसून "हाव" म्हटलं. त्याने आशीर्वाद म्हणून तिच्या ओटीत चार संत्री घातली. मी त्यातली दोन तिथेच खाल्ली.

स्टँडवर उतरल्यावर तर्री-पोहे खाल्ले. अजूनही नागपूरला उतरलात की पहिलं काम हेच करा, आणि तर्री मागताना शूरपणा दाखवू नका. मी दाखवला होता. सायकलरिक्षाने उत्तर नागपुरातल्या विहारात पोचेपर्यंत माझ्या नाकातून पाणी वाहत होतं आणि रिक्षावाल्याला वाटलं, पोरगी बहिणीसाठी रडून राहिली.

विहार म्हणजे एक साधा हॉल, मागे दोन खोल्या, अंगणात हापसा. तिथल्या प्रमुख एक वयस्क भिक्खुणी होत्या, भंडाऱ्याकडच्या. त्यांना सगळे माताजी म्हणत. त्यांनी आम्हाला मागची खोली दिली, पाणी दिलं आणि मायला काहीच विचारलं नाही. मला ते आवडलं. मायला आवडलं नाही, ती भांडणाची सगळी तयारी करून आली होती.

दुसरा दिवस

चीवराचं कापड घ्यायला गांधीबागेत गेलो. कापडाचा बाजार पाहायचा असेल तर गांधीबागच. गल्लीबोळात दुकानं, गाठोडी डोक्यावर घेतलेले हमाल, पायाखाली पॅकिंगचा पेंढा. सकाळी लवकर गेलात तर चालायला जागा मिळते. ताई आणि मी दुकानात शिरलो. माय बाहेर पायरीवर बसली, "मी यात नाई" म्हणून.

शेठने पांढऱ्या सुती कापडाचा ठाण उलगडला. "बहनजी, एकदम नंबर एक माल." ताईला कापडातलं काय कळणार, ती मान हलवून मोकळी झाली. शेठ कात्री उचलतोय तोच बाहेरून आवाज आला, "थांबा गा!"

माय आत आली. कापडाचं टोक अंगठ्याखाली घेऊन तिने दोनदा चोळलं आणि शेठच्या गादीवर पांढरी भुकटी झाडली. "हे काय हाये? खळ भरून राहिली नुसती. दोन धुण्यांत जाळी होते याची."

शेठ म्हणाला, "माताराम, आप तो जानकार निकली."

"बत्तीस वर्षं झाली मागावर बसून. खालचा ठाण काढा."

खालचा काढला, त्याखालचा काढला. मायने चौथ्याला मान डोलावली. मी हळूच म्हटलं, "माय, तुले तं यात नाई पडायचं होतं ना?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा तासभर तोंड उघडलं नाही. रस्त्यात मग तीच पुटपुटली, "नेसू नोको म्हनते मी. पन नेसनच, तं फाटक्यात काहून?"

कापड रंगवायचंही तिनेच हातात घेतलं. विहारातल्या पोरींनी नुसत्या कोमट पाण्यात रंग कालवला होता. मायने त्यांना बाजूला सारलं, चूल पेटवली, पाणी उकळलं, मुठीने मीठ टाकलं आणि पदर खोचून काठीने कापड ढवळत राहिली. माताजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. संध्याकाळी सगळ्या पोरी नुसतं पाणी पिऊन बसल्या तेव्हा मात्र मायचा धीर सुटला. "अवं माय! रात्री काहीच नाई? उपाशी झोप कशी लागन माह्या पोरीले?" ताई म्हणाली, "सवय होते, माय." तर माय म्हणे, "मले नाई होत."

तिसरा दिवस

सकाळी उठून पाहते तर माय ताईच्या केसांना तेल लावत बसलेली. थोडंथोडकं नाही, अर्धी बाटली. ताईची वेणी कमरेखाली जायची. त्या दिवशी माय प्रत्येक बट वेगळी घेऊन चोळत होती.

मी म्हटलं, "अवं माय, तेलानं वस्तरा सरकते. माताजीनं कोरडे ठेवाले सांगितले होते."

"सरकू दे," माय म्हणाली.

ताई डोळे मिटून बसली होती. तिला थांबवायचं असतं तर तिने तेव्हाच थांबवलं असतं. तिने मायला पुरं तेल लावू दिलं, वेणी घालू दिली, मग स्वतःच हापशावर जाऊन डोकं धुऊन आली.

हॉलमध्ये वीस-पंचवीस बायका जमल्या होत्या. ताई पांढरी साडी नेसून समोर बसली. माताजींनी विचारलं, "आईची परवानगी हाये का?"

ताई मागे वळूनही पाहत नव्हती. खरं सांगते, मला आतून वाटत होतं, माय, नाही म्हण.

माय उभी राहिली. "मले आधी एक सांगा. माही पोरगी हे पात्र घिऊन दारात उभी राहीन. तवा बाया वरून टाकतीन का?" आणि मग टोपलीचं, ओट्याचं, मातीतून उचलायचं, सगळं तिने त्या भरल्या हॉलमध्ये सांगितलं. आम्हा दोघींपलीकडे तिने ते कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

माताजींनी ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, स्वतःचं पात्र घेतलं आणि मायसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्याजवळ काही खायाचं हाये का, बाई?"

"भाकर हाये. सकाळीच थापली."

"वाढा मले."

माय पिशवीतून भाकरी काढून पुढे झाली आणि हात लांब, उंच धरून उभी राहिली. पात्राला बोट लागू नये म्हणून. जन्मभर दुसऱ्यांनी तिच्याशी जसं केलं, तसंच तिचा हात आपोआप करत होता. आपला स्पर्श होईल हीच भीती होती तिला, अजून.

"जवळ या," माताजी म्हणाल्या. माय थोडी सरकली. "आनखी जवळ." माय अगदी पुढ्यात आली. पात्र माताजींनी पोटाशी धरलेलं. भाकरी नीट ठेवायची तर मायला खाली वाकावंच लागलं. ती वाकली, दोन्ही हातांनी भाकरी ठेवली, आणि तशीच थांबली.

"कोन वाकलं, बाई?" माताजींनी विचारलं.

माय हळू म्हणाली, "मी."

"आज तुमाले दाखवाले म्हनून मी मागितलं. तिनं तं मागायचं बी नाई. दारात गप उभं राहायचं. देईन त्याचं घ्यायचं, नाई देईन तं पुढं जायचं. आन जो देईन, तो असाच देईन."

माय सरळ झाली. तिने डोळे पुसले नाहीत, गालावरून पाणी तसंच वाहू दिलं. ताईकडे बोट करून म्हणाली, "रात्री जेवाचं नाई, हे मले पटलं नाई. ते मी कधी मान्य करनार नाई. पन बाकी जा. लावा वस्तरा."

सगळ्या बायका एकदम हसल्या आणि एकदम रडल्या. मी तर भोकाड पसरलं.

माताजींनी स्वतः वस्तरा धरला. माय शेजारी बसून पदर पसरून केस झेलत होती. ताई तपकिरी चीवर नेसून बाहेर आली तेव्हा मी पाहतच राहिले. इतकी वर्षं सगळे तिच्या वेणीचं कौतुक करायचे, पण तो चेहरा आम्ही कधी पाहिलाच नव्हता म्हणायचं! केवढं कपाळ, केवढे डोळे. तिने शील घेतलं, म्हणजे नियम पाळायची शपथ मोठ्याने म्हटली, आवाज जराही हलला नाही. रीतीप्रमाणे आधी घरच्यांनी वंदन करायचं. माय गुडघ्यांवर बसली आणि पोटच्या पोरीसमोर डोकं टेकवलं. मागून मी. उठताना ताईकडे पाहिलं तर तिचे ओठ थरथरत होते. मी तिच्या कानाशी गेले, "रडू नोको वं, नाईतं सगळ्या म्हनतीन कच्ची हाये." ती हसली. तिच्या नव्या आयुष्यातलं ते पहिलं हसू मी काढलं, याचा मला आजही माज आहे.

परत

दुपारच्या गाडीने आम्ही खाप्याला आलो. घर रिकामं लागेल असं वाटलं होतं, आणि लागलंच. मी महिनाभर झोपेत ताईला लाथ मारायला पाय टाकायची आणि पाय रिकाम्या चटईवर पडायचा. ताईने पुढे किती गावं पायी तुडवली, किती चुलींपाशी बसली, ते तिचं तिलाच ठाऊक. मला तिची आठवण यायची आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी. अजून तसंच आहे. पन्नास वर्षांत मी पुष्कळ ठिकाणी गेले, पण कोणाला पोचवून इतकी मोठी होऊन परत आले नाही.

मायचं काय झालं, असं तुम्ही विचारणार. तिचं सांगून थांबते. आम्ही परत आल्यावर दोन आठवड्यांनी सावनेरचे एक पाहुणे घरी आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मास्तरीण पोरगी आहे एवढं ऐकून ते आपल्या मुलासाठी विचारायला आले होते. चहा पिऊन त्यांनी सुरुवात केली, "मोठीले पाहाले कवा येऊ?"

मी दाराआड उभी. मायने मागावरचा हात थांबवला.

"या ना, कवाबी या," ती म्हणाली. "नागपूरले विहारात राहते ते. पन तिच्यापुढं खुर्चीवर बसून पाहाची रीत नाई बापा. खाली बसा लागते, हात जोडा लागतात, डोकं टेका लागते." आणि धोटा पुन्हा उचलत म्हणाली, "मी तिची माय आहो. मी बी टेकते."